टेंगरा सर आणि माझं सुंदर अक्षर

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा बराच झाला, पण चाळीस बरण्यांतले मासे एका दुपारी निळे करून ठेवण्याइतका मोठा एकच. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आमगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून नुकतीच लागले होते, आणि माझं अक्षर सुंदर आहे हे मला ठाऊक होतं. हे शेवटचं फार वाईट. आपलं अक्षर सुंदर आहे हे ज्या पोरीला ठाऊक असतं, ती एक ना एक दिवस कुणाचं तरी नुकसान करून ठेवते.

आमच्या गावात कुणाकडे लग्न निघालं की पत्रिकांवर नावं घालायला मला बोलावणं यायचं. मी ओसरीवर बसायची, बाजूला चहा, समोर पत्रिकांचा गठ्ठा, आणि चार बाया नुसत्या बघायला उभ्या. शिरोरेघ अशी ओढायची की पट्टी ठेवली होती का, असं लोक विचारायचे. मी खोटं खोटं लाजायची. आता त्या पोरीचा फोटो पाहते तेव्हा वाटतं, एक चापट द्यावी.

तर प्रयोगशाळेत शेवटच्या कपाटात त्या चाळीस बरण्या होत्या, अकरा वर्षं रविवारी रविवारी नाल्यांवर जाऊन जमवलेल्या. काही लोणच्याच्या, काही औषधाच्या बाटल्या, एक चक्क मधाची. आत स्पिरिट आणि स्पिरिटात मासे. मासे म्हणायचे म्हणून म्हणायचे, एकेक नखाएवढा, फार तर बोटाच्या पेराएवढा. प्रत्येक बरणीच्या तळाला रेती बसलेली, पानांचे तुकडे, आणि आत सोडलेली एक मळकट चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलीने खरडलेलं. कावळा चिखलातून आला आणि कागदावरून चालत गेला, असं ते अक्षर होतं. आमच्या सरांचं.

सर एका शनिवारी नागपूरला गेले होते. मी ठरवलं, सोमवारी त्यांना चकित करायचं. एकेक बरणी उघडली, मासे चहाच्या गाळणीत काढले, रेती धुऊन टाकली, बरणी घासली, ताजं स्पिरिट भरलं. मग जाड पांढरा कागद कापून, माझ्या शाईच्या पेनाने, चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या आणि आत सोडल्या. तुम्ही विचाराल, लिहिताना वाचलं असेल ना? नाही. मी वाचून लिहिलं नाही, बघून लिहिलं. अक्षर सुंदर असणाऱ्यांना वाचायची गरज वाटत नाही. वर बरण्या मांडल्या त्याही स्वयंपाकघरातल्या डब्यांसारख्या, मोठ्या मागे, लहान पुढे. उरल्या जुन्या चिठ्ठ्या. त्या स्पिरिटात भिजलेल्या, शेगडीत टाकल्याबरोबर भुर्रकन पेटल्या. त्या जाळावर मी चहा केला आणि पाय पसरून प्यायला. अकरा वर्षांच्या रविवारांवर केलेला तो चहा चांगला झाला होता, हेही सांगून टाकते.

सोमवारी कपाट उघडलं तर चाळीसही बरण्यांत नीळ कालवल्यासारखं पाणी. माझ्या चिठ्ठ्या कोऱ्या. मासे निळे. कुणाचे गाल निळे, कुणाच्या मिशा निळ्या.

सर आले. कपाटासमोर उभे राहिले. पहिली बरणी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "हे कुठले?" त्यांनी ती ठेवली, दुसरी उचलली. "हे कुठले?" तिसरी. "हे?" आवाज चढलेला नाही, काही नाही, परीक्षेत तोंडी विचारावं तसं. अकराव्या बरणीपर्यंत मी मोजलं, पुढे मला दिसेनासं झालं. पण त्या माणसाने चाळीसच्या चाळीस बरण्या उचलल्या. एखाद्याने दहाव्या बरणीला सोडून दिलं असतं. यांनी नाही.

मग स्टुलावर बसून म्हणाले, "शाई विरघळते. पेन्सिल विरघळत नाही. म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची आणि बरणीच्या आत ठेवायची. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

ओरडले असते तर मी घरी जाऊन रडले असते आणि विसरले असते. चूक स्वतःकडे घेऊन त्यांनी मला जन्माची अडकवून टाकली. सरांचा हाच तर त्रास होता.

मुलं त्यांना टेंगरा सर म्हणायची. टेंगरा आपल्याकडे बाजारात मिळतो, मिशीवाला, काटेवाला. सरांचे मासे त्या टेंगऱ्याच्या लांबच्या भावकीतले, पण इतके बारीक की त्यांना इथे कुणी नाव देण्याचीही तसदी घेतली नव्हती. पुस्तकात त्या सबंध घराण्याला स्यूडोलागुव्हिया म्हणतात. नाव माशापेक्षा लांब. मला ते नीट म्हणता यायला तीन महिने लागले. नाल्याच्या तळाशी रेतीत आणि सडक्या पानांत तो पडून असतो, तपकिरी, अंगावर फिकट पट्टे, विझलेल्या विडीच्या तुकड्यासारखा. छातीवर बारीक घड्या असतात, त्यांनी दगडाला धरून राहतो. हातात घेतला की गालामागचे काटे ताठ करतो आणि मग हलत नाही. पळत नाही, उडी मारत नाही, काहीच करत नाही. सर म्हणायचे, "किती सभ्य प्राणी आहे बघा." मी म्हणायची, सर, तो घाबरलाय. सर म्हणायचे, "घाबरूनही सभ्य आहे."

सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे, माशांनाही. दगड उलटायच्या आधी वाकून म्हणायचे, "या, बाहेर या, बसले असाल तर." पॅन्टचा एकच पाय कायम गुडघ्यापर्यंत वर. एक पाय पाण्यात आणि एक काठावर ठेवून उभं राहायची सवय, म्हणून एकच दुमडायचा. आणि नंतर सोडायचं लक्षात राहत नसल्यामुळे वर्गातही तसेच, स्टाफरूममध्येही तसेच, एका विद्यार्थिनीच्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले तेही तसेच. कॅमेऱ्याच्या रोलची प्लास्टिकची डबी खिशात असायची, तिच्यात पाणी आणि पाण्यात कुणीतरी राहायला आलेलं. मीटिंग रंगात आली की सर डबी काढून झाकण उघडायचे, आत बघून बंद करायचे. हवा द्यायला. समोरचा बोलणारा अडखळायचा.

आणि त्यांचा तो एक प्रश्न. कुठला? वांगं आणलं, कुठलं? पाहुणा आला, कुठले आपण? माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा काय करतो हे नाही, कुठला ते विचारलं. मी देवरीकडचा म्हटलं, तर म्हणाले, "देवरी मोठी आहे. कोणत्या नाल्याजवळचा?" आता नवऱ्याच्या गावाजवळून कोणता नाला जातो हे मला काय ठाऊक. मी सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाईंना आधी नाल्याचं नाव विचारलं. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं.

एकदा आमच्या घरी जेवायला बोलावलं. बाबांनी ताटात भात वाढला. सरांनी घास हातात धरला आणि, "कुठला?" बाबा फुगून म्हणाले, आमच्या शेतातला. "कोणत्या बांधीतला?" बाबांना जन्मात कुणी हे विचारलं नव्हतं. ते तसेच उठले, दोघं भर उन्हात बांधी, म्हणजे धानाचा तो तुकडा, बघायला गेले आणि तीन वाजता आले, पाय चिखलाने भरलेले, अगदी जिवाभावाचे होऊन. आई आणि मी थंड भाताकडे बघत बसलो होतो. आईने नंतर मला एवढंच विचारलं, "बाई, तुझ्या कॉलेजात दुसरे सर नाहीत का?"

सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, हे तीस वर्षं सोसावं लागलं होतं. त्या सांगायच्या, "मला बघायला आले होते ना, तेव्हा पोहे खाल्ले आणि बाबांना विचारलं, घरामागून पाणी वाहतं का. बाबांना वाटलं, मुलगा शेतीचा विचार करतो. लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी मागच्या ओढ्यात उभे." सर मासे खात नसत. काकू म्हणायच्या, "खात असते तर एव्हाना संपले असते. सुटलो असतो."

आता त्या निळ्या सोमवारचं पुढे सांगते, कारण ते सगळं इथेच येऊन अडतं. सरांकडे वही होती. वहीत एक ते चाळीस आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे कोणता नाला, कोणतं वळण, पाणी किती. पण कोणती बरणी कितवी, हा आकडा फक्त आतल्या चिठ्ठीवर होता. चिठ्ठ्यांचा मी चहा केला होता. म्हणजे इकडे चाळीस ठिकाणं, तिकडे चाळीस बरण्या आणि मध्ये माझं सुंदर अक्षर. मी म्हटलं, सर, मासे तर आहेत ना. ते म्हणाले, "ठिकाण नसलेला मासा म्हणजे बाजारातला मासा." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पेन्सिल दिली, सुतळीत ओवलेली. "गळ्यात घाला." मी शाळेत जाणाऱ्या पोरासारखी ती गळ्यात घालून कॉलेजभर फिरायची.

खूण काही सापडते का म्हणून सरांनी चाळीसही बरण्यांतले मासे एकेक करून भिंगाखाली घेतले. खूण सापडली नाही, कारण रेतीसुद्धा मी धुऊन टाकली होती. पण एका चपट्या बाटलीत तीन मासे निघाले. ते वेगळे होते. बाकीच्यांच्या गालामागचा काटा एका बाजूने करवतीसारखा, या तिघांचा दोन्ही बाजूंनी. अकरा वर्षं ते बाटलीत होते आणि सरांनी त्यांना असं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मी निळे केले म्हणून पाहिलं. सरांनी कोलकात्याच्या एका मोठ्या जाणकारांना पत्र लिहिलं, काट्याचं चित्र काढून. उत्तर आलं. दोन ओळी होत्या. मासा पाहायला आवडेल. नक्की कुठून मिळाला ते कळवल्याशिवाय पाठवू नये.

सर एप्रिलमध्ये निवृत्त होणार होते. कपाट कॉलेजचं, खोली कॉलेजची. आणि आपल्याकडचे डोंगरातले नाले मार्चनंतर आटतात. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती.

ती चपटी बाटली काकूंनी ओळखली. "ही माझ्या खोकल्याच्या औषधाची. ज्या हिवाळ्यात मला दोन महिने खोकला होता, त्या हिवाळ्यातली. औषध संपायची वाट बघत उभे होते हे." वही काढली. त्या हिवाळ्यात सर फक्त सालेकशाच्या पुढे, कचारगडच्या डोंगराकडून उतरणाऱ्या पाच नाल्यांवर गेले होते. म्हणजे पाचांतला एक. काकू म्हणाल्या, "झालं तर. त्यातला एक लिहून टाका."

"कोणता?"

"कोणताही. पाचही एकमेकांना लागून आहेत. कोलकात्याचा माणूस इथे बघायला येणार आहे का?"

"तो येणार नाही म्हणूनच नीट लिहायला हवं," सर म्हणाले, आणि काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की बघ, हे असं.

हे असंच होतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एका पोराने बरणीतला प्राणी ओळखून बरोबर नाव लिहिलं. सरांनी विचारलं, कशावरून? पोरगा म्हणाला, अंदाजाने. त्याला शून्य. शेजारच्या पोरीने लिहिलं होतं, ओळखता आला नाही. तिला अर्धा मार्क. तो पोरगा पुढे माझ्या नात्यात जावई होऊन आला, अजून प्रत्येक जेवणावळीत हे सांगतो.

मग सुरू झाले आमचे रविवार. सकाळची पॅसेंजर, सालेकशाला उतरायचं, पुढे कुणाची बैलगाडी मिळाली तर ती, नाहीतर पायी. मी नवी नवरी, हातात चुडा, पायात चप्पल, गळ्यात पेन्सिल. सर पुढे, एक पाय दुमडलेला. नाल्यावर पोचलं की चार-चार तास. ते दगड उलटणार, खालच्या बाजूला मी जुनी साडी ताणून धरणार, वाहत आलेली पानं साडीत, आणि ती पानं मग एकेक करून निवडायची. तांदळातले खडे निवडावे तशी. पाणी इतकं गार की हाडात शिरायचं. डबा उघडायला सर वेळ देत नसत. मी भाकर उभ्याने खायची, आणि तेही विचारणार, "ज्वारी कुठली?" मी एकदा चिडून म्हटलं, तोंडातली, सर.

डोंगरातल्या त्या नाल्यांवर आम्हाला झनकाबाई भेटायची. मासे धरणाऱ्या ढिवरांची म्हातारी, कमरेपर्यंत पाण्यात, बांबूची टोपली घेऊन. दोन रविवार ती नुसती बघत राहिली. तिसऱ्या रविवारी जवळ आली.

"काऊन जी, काय हारपलं तुमचं?"

सर दगडाशी बोलत होते, म्हणून मीच सांगितलं. मासोळ्या आहेत आमच्याकडे, पण त्या कुठल्या तेच हरवलं.

झनकाबाईने टोपलीतलं पाणी निथळू दिलं. "मासोरीले ठाऊक हाये ना, थे कुठची हाये थे. तुमाले कायले पायजे?"

सरांना तिकडून ऐकू गेलं होतं. ते वर बघून म्हणाले, "अगदी बरोबर बोललात बाई," आणि परत पाण्यात वाकले. झनकाबाईने मला हळूच विचारलं, "डोक्यावर काई पडलं का जी यांच्या?" मी म्हटलं, नाही, जन्मापासून असेच आहेत.

बाकीच्या नाल्यांचं म्हणाल, तर ते आमगावच्या जवळपासचे, तिथे आम्ही कॉलेज सुटल्यावर जायचो. पाच-सहा बरण्यांचं नक्की कळलं, कारण तिथे नव्याने धरलेल्या माशांचे पट्टे त्या बरण्यांतल्या माशांशी हुबेहूब जुळले. उरलेल्यांसाठी सरांनी माझ्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, पेन्सिलीने: ठिकाण माहीत नाही. ठिकाण माहीत नाही. ठिकाण माहीत नाही. मला वाटायचं, शाळेत शंभरदा लिहायला लावतात तशी ही शिक्षाच. पण सरांना शिक्षा करता येत नव्हती. ते खरंच तेवढंच लिहून घेत होते जेवढं खरं होतं.

डोंगरातले चार नाले झाले. दोन काट्यांचा मासा कुठेच नाही. मार्च उजाडला. चौथ्या नाल्याचं, सालईनाल्याचं, नुसतं डबकं उरलं होतं. त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत सर बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटून होते, खिशातल्या डबीला हवा द्यायचंही विसरले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, या माणसाची अकरा वर्षं मी जाळली, आणि हा अजून मला अहो म्हणतो. आता हे मीच मिटवते.

आणि इथे माझा दुसरा मूर्खपणा. पहिला अजाणता होता, हा पूर्ण शुद्धीत.

सुंदर अक्षर असणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं वाईट अक्षरही काढता येतं. मी जुन्या वहीचं कोरं पान फाडलं. दोन दिवस सराव केला. पेन्सिलीने, सरांच्या कावळ्याच्या पायांनी, लिहिलं: क्रमांक, सालईनाला, वळणाच्या खाली, पाणी घोट्याएवढं. सालईनाला का? कारण पाचांत तोच मोठा, आणि आटून डबकं झाल्यामुळे या वर्षी तिथे मासा मिळाला नाही, असं म्हणता येत होतं. मग कागद जुना दिसावा म्हणून चहात बुडवला, वाळवला, रेतीत चोळला. आणि गुरुवारी सरांपुढे ठेवून म्हटलं, सर, शेगडीच्या मागे पडलेली मिळाली. एक जळायची राहिली होती.

सरांनी भिंग काढलं. एकेक अक्षर पाहिलं. मग चिठ्ठी नाकाशी नेली.

"स्पिरिटचा वास नाही," ते म्हणाले. "चहाचा आहे."

"त्या दिवशी चहा केला होता ना सर, शेगडीवर." माझी जीभ तेव्हा फार चालायची.

"हो. असेल." ते परत चिठ्ठीकडे बघत राहिले. मला वाटलं, घेतली. मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं की त्यांना ती खरी असायला हवी होती. आज वहीत लिहिलं असतं तर उद्या पत्र गेलं असतं, आणि पुन्हा त्या गार पाण्यात पाय घालायला नको. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "अगदी माझं आहे." मग ती दुमडून शर्टाच्या खिशात ठेवली आणि चष्मा पुसत म्हणाले, "रविवारी सकाळची पॅसेंजर. कोसमनाला राहिलाय."

मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हा माणूस मला मारणार आहे. तो म्हणाला, कोणत्या नाल्यावर? तोपर्यंत त्यालाही सवय झाली होती.

कोसमनाला म्हणजे नाल्याच्या नावाला लाज. दोन दगडांमधून बोटभर धार, मध्ये मध्ये परातीएवढी डबकी. सरांनी दगड उलटले, मी साडी धरली. पानं निवडली. खेकडे निघाले, बेडकाची पिल्लं निघाली. बारा वाजले. सर काठावर बसले. खिशावर हात ठेवला, ज्या खिशात माझी चिठ्ठी होती. मी देवाला म्हणाले, आता एकदा हो म्हणू दे याला आणि घरी जाऊ दे.

वरच्या अंगाने झनकाबाई उतरत आली. "आज इकडं का जी?" म्हणाली आणि आमच्यापाशीच बसून टोपली रेतीवर पालथी केली. खाण्याजोग्या मासोळ्या उचलून पदरात घ्यायची, बाकीचा गाळ, पानं, काड्या हाताने लोटून द्यायची. "हे कचरा," म्हणत. कचऱ्यात एक तपकिरी तुकडा होता. पान म्हणावं तर त्याला मिशा होत्या.

सर गुडघ्यावर आले. "या," म्हणाले. "या, या." भिंग काढलं. काटा पाहिला. मग माझ्याकडे भिंग दिलं. दोन्ही बाजूंनी करवत.

"कुठला?" सरांनी झनकाबाईला विचारलं.

"कुठला म्हंजे? इथचाच."

"इथला म्हणजे कुठला?"

झनकाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दाखव बाई, नाहीतर हे इथेच राहायला येतील. ती उठली, आम्हाला तीस पावलं वर घेऊन गेली आणि एका चपट्या दगडाला पाय लावला. "ह्याच्या खालचा. इथं लय रायते हे कचरा. मी रोज फेकून देतो."

अकरा वर्षांपूर्वीचा दगड सरांना आठवला की नाही, देव जाणे. ते त्या दगडापाशी उभे राहिले, या वेळी दोन्ही पाय पाण्यात.

तो मासा पुढे नवा ठरला नाही. कोलकात्याहून महिनाभराने कळलं की दूरच्या कुठल्या नद्यांमधून तो आधीच ठाऊक होता, आपल्या बाजूला आहे हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. काकू म्हणाल्या, एवढ्यासाठी माझ्या तीस वर्षांचा चिखल. सर म्हणाले, "म्हणजे इथेही आहे." आणि पेढे आणले. पेढे कुठले, हे काकूंनी मुद्दाम विचारलं नाही.

माझी नात परवा मोबाईलवर मला असलेच बारीक मासे दाखवत होती, काचेच्या पेटीत पाळलेले. छान आहेत ना आजी, म्हणाली. मी विचारलं, कुठले? ती म्हणाली, दुकानातले. मी म्हटलं, दुकान आहे हो, पण कुठले? पोरगी चिडून आत निघून गेली. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांत आजही पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात, आत, तांदळात. सून त्या भाताबरोबर शिजू नयेत म्हणून जपत असते आणि मनातल्या मनात मला काय म्हणते, ते मला सरांना मी काय म्हणायची त्यावरून कळतं.

पण त्या दिवशी, कोसमनाल्यावर, मासा डबीत घेतला आणि सर म्हणाले, "चिठ्ठी लिहा." मी गळ्यातली पेन्सिल हातात घेतली. कागद? वर येताना माझ्या खांद्यावरची झोळी डबक्यात पडली होती, आतल्या कागदांचा लगदा झाला होता. सरांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि ती चहाची चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. तेवढाच कोरडा कागद होता.

"पुढचं खोडा," ते म्हणाले. "मागे लिहा."

मी सालईनाला खोडला. माझ्याच हाताने, त्यांच्या समोर, त्यांच्याच अक्षरातला. त्यांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही, डबीत हवा देत होते. मग मी गुडघ्यावर कागद ठेवून मागच्या बाजूला लिहायला लागले. कोसमनाला. वरच्या अंगाला तीस पावलं, चपट्या दगडाखाली. दाखवणारी, झनकाबाई. बोटं पाण्याने सुरकुतलेली, डोळ्यांत पाणी, शिरोरेघ एकीकडे आणि अक्षरं एकीकडे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर.

सरांनी चिठ्ठी घेतली, भिंग लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "अक्षर बिघडलंय तुमचं. असू द्या. ठिकाण बरोबर आहे."